पहिला प्लॉट घेताय? आधी सातबारा वाचा

भाऊ, जळगावात स्वतःचं घर बांधायचं ठरवलंत, मनापासून आनंद झाला. पण बयाणा द्यायची घाई करू नका. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" या वाक्यावर नवखे लोक हमखास फसतात.

आधी ताजा, डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा. विकास सोसायटीचा बोजा (थकलेलं पीककर्ज), बहिणींचे हक्क, कुळ (जमीन कसणाऱ्याचा हक्क) असं बरंच काही तिथेच सापडतं. 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं दिसलं तर थांबा. सरकारी परवानगीशिवाय त्या जमिनीचा व्यवहार होत नाही. नंदुरबारकडे आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६अ लागतं, म्हणजे ती जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. तिथे दलालाच्या शब्दावर अजिबात जाऊ नका.

बाकी एवढं सांभाळा:
- बिनशेती (एनए) आदेश आणि मंजूर लेआउट (प्लॉट-रस्त्यांचा नकाशा) स्वतः पाहा.
- नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडेच नोंदवा.
- नंतर फेरफार (सातबाऱ्यावरच्या मालकी बदलाची नोंद) मंजूर होऊन नाव लागलं का, ते तपासा. हे फार जण विसरतात.
- बिल्डरकडून रो-हाऊस घेतलंत, तर महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) क्रमांक पाहा. करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही.

कर्ज आणि कराचं नंतर बोलू. आधी सातबारा काढा, मला दाखवा.