कार्ड फॉरमॅट करू नका, आणि कॅमेरा कार्डासकट कुणाच्या ताब्यात देऊ नका

भाऊ, आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. ते मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढा, त्याच्या कडेची बारकी पट्टी सरकवून लॉक करा आणि डबीत ठेवून द्या. दुकानदार फॉरमॅट करायला सांगतोय ना, त्याला चहा पाजा आणि घरी या.

तुमचं झालं ते असं: पहाटे हतनूरला तापीच्या धरणाच्या बॅकवॉटरवर पक्षी टिपायला गेलात, बॅटरी 60 टक्क्यांवरून एकदम लाल झाली. चक्रवाक बदकं दिसली, पण लांबच्या लेन्सने काढलेले सगळे फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट आले. घरी येऊन कॅमेरा उघडला तर मागच्या पडद्याला आतून धुकं. आता कार्ड वाचलं जात नाही, कॅमेरा कधी चालू होतो कधी नाही, आणि दुकानदार म्हणतो की कार्ड फॉरमॅट मारा, कॅमेरा मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. ही सगळी रांग मी भोगलेली आहे, म्हणून उत्तर लांबणार. मी फोटोग्राफर आहे, इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

बॅटरीचं पटकन सांगतो. ती खराब झालेली नाही. थंडीत लिथियम बॅटरीच्या आतलं रसायन मंद चालतं, व्होल्टेज खाली बसतं आणि कॅमेऱ्याला वाटतं की संपली. स्वेटरच्या आतल्या खिशात थोडा वेळ ठेवली की बरीचशी परत येते. एक कॅमेऱ्यात, एक खिशात, आलटून पालटून. बस.

आणि थंडीने कॅमेरा बिघडला, हे दुकानदाराचं म्हणणं मला मान्य नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत 0 ते 40 अंश लिहिलेलं असतं. धुळ्याला पारा कितीही घसरला तरी आपण काही लडाखला राहत नाही. उलट आपल्याकडे कॅमेरा मे महिन्यात गाडीच्या डिकीत जास्त मरतो. हिवाळ्यात त्याला बाधते ती ऊब, आणि तीही घरी आल्यावरची.

गार कॅमेरा उबदार, दमट हवेत उघडला की हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. खोलीत 25 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, 17 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे 10 अंशांचा कॅमेरा त्या खोलीत नेला की पाणी धरणारच. आपल्याकडची थंडी कोरडी, त्यामुळे एरवी एवढं जाणवत नाही. पण सकाळी आपण कॅमेरा उघडतो कुठे? स्वयंपाकघरात, जिथे चहा उकळतोय. नाहीतर मागच्या दारी, जिथे बंब पेटलाय.

माझं तर लग्नघर होतं. शहाद्याला चुलतभावाची हळद, दुसऱ्या दिवशी पहाटे तोरणमाळ. वर यशवंत तलावावर हात बधिर होतील असा गारठा, कॅमेरा तिथे ठणठणीत चालला. साडेअकराशे मीटरवरून घाट उतरून खाली आलो तरी बॅगेत तो गारच. लग्नघराच्या अंगणात पाहुण्यांच्या अंघोळीसाठी भलीमोठी पातेली उकळत होती, आणि सगळ्यांना तिथेच फोटो बघायचे होते. झिप उघडल्याबरोबर लेन्सची काच पांढरी झाली. पुसली तर परत पांढरी. मग पडद्याच्या काचेखाली, आतल्या बाजूने, कोपऱ्यातून धुकं चढत गेलं, आणि शटरचं बटण दाबलं की मेनू आपोआप वरखाली पळायला लागला.

अशा वेळी बॅटरी काढायची आणि कॅमेऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही. "बघू चालतो का" म्हणून चालू-बंद, चालू-बंद करणं हेच सगळ्यात घातक, कारण आत पाणी आणि वरून वीज. हेअर ड्रायर नको, चुलीजवळ नको, उन्हात नको. तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको, पीठ आत जाऊन बसतं ते वेगळंच. सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात दोन दिवस पडू द्या.

आणि पुढच्या वेळी: बाहेरच, थंडीतच, कॅमेरा जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा. मग घरात आणा. पाणी धरायचं ते पिशवीवर धरेल. तास-दीड तास उघडू नका. ज्यांना फोटो बघायची घाई आहे त्यांच्यासाठी कार्ड बाहेरच काढून घ्या, कार्डाला काही होत नाही.

आता सर्व्हिस सेंटर. नाव लिहिणार नाही, आणि सगळी सेंटर अशीच असतात असंही म्हणत नाही. पण मला सगळ्यात महाग पडलं ते धुकं नव्हतं, हे काउंटर होतं.

लग्न आटोपल्यावर मेव्हणा मुंबईला निघाला होता, त्याच्या हाती कॅमेरा दिला. त्याने काउंटरवर कार्ड काढायला घेतलं, तर तिथला माणूस म्हणाला, "राहू द्या, टेस्टिंगला लागतं." जॉबशीटवर, म्हणजे कॅमेरा जमा केल्याच्या कागदावर, कार्डाची नोंद नाही, बॅटरीची नोंद नाही. तक्रारीच्या रकान्यात मेव्हण्याने सांगितलं ते नाहीच. त्यांनी आपल्या मनाने लिहिलं: पॉवर ऑन होत नाही. हे मला फोनवर वाचून दाखवलं तेव्हाच खटकलं, कारण कॅमेरा चालू होत होता, नीट चालत नव्हता एवढंच.

मग ईमेल आला. लिक्विड डॅमेज, वॉरंटीत बसत नाही, मेनबोर्ड बदलावा लागेल, आणि खर्च असा की त्यात त्याच कंपनीचा जुना कॅमेरा विकत मिळावा. सोबत एका सर्किटचा फोटो, त्यावर लाल गोल. फोटोत सीरियल नंबर नाही, बॉडी नाही, काही नाही. तो बोर्ड माझ्याच कॅमेऱ्याचा कशावरून? विचारलं तर उत्तर आलं, "सिस्टीमला रिपोर्ट अपलोड झाला आहे." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच वाक्य, खाली नाव बदललेलं. शेवटी दुरुस्ती नको म्हटलं, तरी तपासणीचे पैसे भरल्याशिवाय कॅमेरा देईनात.

कॅमेरा आला. कार्ड आलं, कोरं. तोरणमाळ तर गेलंच, पण त्यावर हळदीची अख्खी रात्र होती. काकू अजून दिवाळीला भेटली की विचारते, "फोटो कधी देशील रे?"

घरी कार्ड लॉक करून फोटोरेक हे पुसलेले फोटो शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. हे फुकट आहे, दिसायला रूक्ष, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पण काम चोख. फॉरमॅट केल्यावर साधारणपणे फोटो लगेच पुसले जात नाहीत, फक्त जागा रिकामी अशी नोंद होते. नवीन काही लिहिलं गेलं की मग त्या जागेचं जुनं जातं. माझं बरंचसं गेलं होतं. जे मिळाले त्यातही एका फोटोत नवरदेव कपाळापर्यंत आणि खाली सगळा करडा पट्टा. आणि मधेच मला न ओळखू येणारे फोटो निघाले: करडी भिंत, रंगांचे चौकोन असलेला चार्ट. नंतर त्याच भिंतीचा एक लांबलचक व्हिडिओ, ज्यात पाठीमागे कोणीतरी जेवणाचा डबा उघडतोय आणि लोणच्यावरून बोलतोय. हळदीवर लिहिलं गेलं ते हे.

फाइलच्या आतली तारीख पाहिली. "पॉवर ऑन होत नाही" हा शेरा मारल्याच्या नंतरची. म्हणजे मेलेला म्हणून नोंदवलेला कॅमेरा आरामात व्हिडिओ काढत होता. कॅमेऱ्याचं घड्याळ मी फोनशी जुळवून ठेवतो म्हणून हे सांगता आलं. तुमचंही तपासा, बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली की काही कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते. हे त्यांना पाठवलं, तर काय आलं असेल? सिस्टीमला रिपोर्ट अपलोड झाला आहे.

मग 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकली आणि व्हिडिओची माहिती जोडली. तपासणीचे पैसे परत आले. बाकी काही नाही. जळगावातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी नंतर कॅमेरा उघडून आतला एक कनेक्टर साफ केला, आणि तो चालू झाला. तुमचाही त्यानेच होईल असं मी म्हणत नाही, कधीकधी बोर्ड खरंच गेलेला असतो. आणि वॉरंटी असेल तर बाहेर उघडू नका, तिथे तुमचीच बाजू पडते.

द्यायचाच झाला तर कार्ड, बॅटरी, पट्टा, लेन्सचं झाकण सगळं काढून नुसती बॉडी द्या. टेस्टिंगला कार्ड लागतं हे खरं असेलही, पण ते त्यांनी त्यांचं वापरावं. देण्याआधी कॅमेरा चालू असल्याचा फोनवर व्हिडिओ काढा, त्यात सीरियल नंबर दिसू द्या. जॉबशीटवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहिल्याशिवाय सही नको. लिक्विड डॅमेज म्हणाले तर सीरियल नंबरसकट फोटो मागा. तरी अडलं, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. वस्तूची किंवा सेवेची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची. मी वकील नाही, कागद नेऊन एकदा कोणाला तरी विचारा.

तुमच्या कार्डाबद्दल: आधी दुसऱ्या रीडरमध्ये, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. निम्म्या वेळा रीडरच फालतू असतो. विंडोज "फॉरमॅट करायचं का" विचारेल, नाही म्हणा. मग फोटोरेक, आणि निघालेले फोटो त्याच कार्डावर नाही, हार्ड डिस्कवर उतरवा. मिळाले की ते कार्ड निवृत्त करा, पुन्हा लग्नाला नेऊ नका. आणि घरच्या ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर व्हॉट्सॲप त्याचा लगदा करून देतं.

आता चक्रवाक. लेन्स विकायला काढू नका. पहाटे तापीचं पाणी वरच्या हवेपेक्षा कोमट असतं, त्यामुळे पाण्यालगतची हवा थरथरते, आणि लांबचा पक्षी त्या थरथरीतूनच येतो. दीड लाखाची लेन्सही त्याला काही करू शकत नाही. ऊन चढलं की काठावरची जमीन तापून तेच होतं. इलाज एकच, अंतर कमी करणं. पक्ष्यांच्या मागे धावायचं नाही, आधी जाऊन बसायचं आणि त्यांनाच जवळ येऊ द्यायचं. वारकरी आणि थापटे ही पाणपाखरं येतात, चक्रवाक भित्रे, त्यांना वेळ लागतो. धुकं असेल तर एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण-एक स्टॉप (उजेडाचं माप) वाढवा, नाहीतर कॅमेरा पांढऱ्या धुक्याला राखाडी करतो.

तुम्ही शेवटी नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारींचं विचारलंय. तिथे उलटं, एक्सपोजर कमी करा. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, तीन रंगांचा लावून लाल वेगळा बघा. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि लाल मात्र कधीच फुटलेला असतो, मग मिरच्यांच्या सुरकुत्या जाऊन नुसता लाल चादरीसारखा डाग उरतो. मिरच्यांवरून वारा तुमच्याकडे येतो त्या बाजूला उभे राहू नका, ठसका लागतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या धुळीत लेन्स बदलू नका, एवढंच.

कॅमेरा पाठवलाच तर जॉबशीट हातात येताच नंबर झाकून इथे टाका. काय शेरा मारलाय ते सही करण्याआधी बघू.