दुखणं थांबलंय, तरी मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी लेसर करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा: वय २७, पेडण्याचे, हॉटेलच्या किचनमध्ये काम. डाव्या मूत्रवाहिनीत (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) खालच्या बाजूला ८ मिमीचा खडा. तीन आठवड्यांपूर्वी जीव जातोय अशा कळा आल्या, इंजेक्शन घेतलं, तेव्हापासून दुखलंच नाही. डॉक्टर दुर्बिणीने जाऊन लेसरने फोडू म्हणतात, किचनमधले सोबती बियर पी म्हणतात आणि तुम्हाला सीझन संपेपर्यंत थांबायचंय. शिवाय लेसरने किडनी भाजते का, ही भीती.

आधी थांबण्याबद्दल बोलते, कारण मी तिथेच चुकले होते.

मी फोंडा तालुक्यात शाळेत शिकवते. वर्गावर असताना पाणी कमी प्यायचं, म्हणजे मध्येच उठावं लागत नाही, अशी सवय कित्येक वर्षांची. ४१व्या वर्षी एका रात्री उजव्या कुशीतून जांघेपर्यंत कळ उतरली. खडा ७ मिमीचा निघाला. चौथ्या दिवशी दुखणं गेलं. आमच्याकडे कुळथाचा काढा चालू होता, त्यामुळे घरात सगळ्यांनी धरलं की खडा पडला. मीही तेच धरलं. चार महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली तेव्हा उजवं मूत्रपिंड फुगलेलं दिसलं आणि खडा तिथेच बसलेला. पुढे कोणतं मूत्रपिंड किती काम करतं हे दाखवणारा स्कॅन झाला. जिथे साधारण ५० टक्के वाटा असायचा तिथे माझ्या उजव्या बाजूचा ३१ टक्के होता. खडा निघाल्यावर थोडं सुधारलं, पूर्ण नाही.

दुखणं का थांबतं ते मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खडा अडकला की वरची लघवी तुंबते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि तो ताण दुखतो. अडथळा तसाच राहिला तर तुंबलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो, तिथे लघवी कमी तयार होते, दाब उतरतो आणि कळ थांबते. खडा मात्र जागच्या जागी.

तुमचा खडा पडलेलाही असू शकेल. पण ते पोटाला विचारून कळणार नाही, पुन्हा तपासूनच कळेल. सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज छान दिसते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा बऱ्याचदा निसटतो. साध्या एक्स-रेत युरिक ॲसिडचा खडा दिसतच नाही. खात्रीचा म्हणजे डाय न देता केलेला सीटी स्कॅन. ऑपरेशनच्या अगदी आधी खडा अजून आहे ना, हे पुन्हा बघून घ्या, असं डॉक्टरांना स्वतः सांगा. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते बघायला).

४ मिमीपर्यंतचे खडे बहुतेक आपणहून पडतात. ८ मिमीचा खालच्या भागातून पडू शकतो, पण भरवसा धरता येत नाही. डॉक्टर टॅम्सुलोसिनची (मूत्रवाहिनी सैल करणारी) गोळी देऊन, नजर ठेवून, चार ते सहा आठवडे वाट बघू देतात. तुमचे त्यातले तीन संपले. सीझन संपेपर्यंतचे महिने त्यात बसत नाहीत. आणि या काळात थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. अडलेल्या लघवीत जंतू शिरले तर जिवावर बेततं. अशा वेळी लेसर लगेच करतही नाहीत. आधी स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत एक मऊ नळी, घालून किंवा पाठीतून नळी टाकून लघवी मोकळी करतात, अँटिबायोटिक देतात, खडा मागाहून फोडतात.

आता लेसर. पुष्कळांना वाटतं ते बाहेरून मारतात. बाहेरून मारतात ती लिथोट्रिप्सी, आघातलहरींची. १९८० साली म्युनिकमध्ये ती पहिल्यांदा माणसावर केली गेली, आणि योग्य खड्यासाठी आजही ती चांगली आहे. लेसर लघवीच्याच वाटेने आत जातो. भूल देऊन बारीक दुर्बीण मूत्राशयातून मूत्रवाहिनीत चढवतात, कुठेही छेद नाही. ही नळी जेमतेम ३-४ मिमी रुंद असते, म्हणून दुर्बीणही तशीच. तिच्यातून जाड दोऱ्याएवढी काचेची तार खड्याला टेकवतात. होल्मियम लेसरच्या किरणाची तरंगलांबी २१०० नॅनोमीटरच्या आसपास, नव्या थुलियम फायबर लेसरची १९४०. हे दोन्ही किरण पाण्यात चटकन शोषले जातात, त्यामुळे तारेच्या टोकापासून अर्धा मिलिमीटर पुढे त्यांचा जोर उरत नाही. खड्याची भुकटी करतात, किंवा तुकडे करून इवल्या जाळीने ओढून काढतात.

तुमचा खडा मूत्रपिंडात नाहीच, मूत्राशयाच्या जवळ आहे. तिथे चालणारा लेसर मूत्रपिंडापर्यंत पोचत नाही. जपायचं असतं ते मूत्रवाहिनीच्या भिंतीला. तार तिला लागली किंवा आतलं पाणी तापलं तर इजा होते आणि थोड्या जणांत ती जागा पुढे आकसते. म्हणून सलाइनचा प्रवाह चालू ठेवून, थांबत थांबत फोडतात. मूत्रपिंडातल्या खड्याला वाकणारी दुर्बीण लागते, २० मिमीच्या वरचा असेल तर बहुधा पाठीतून छिद्र पाडून काढतात. ते तुम्हाला लागू नाही.

मला लेसरचा त्रास असा झालाच नाही. त्रास झाला डीजे स्टेंटचा. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची ती मऊ नळी, दोन्ही टोकांना वळलेली, सूज उतरेपर्यंत लघवी वाहती ठेवते. सगळ्यांना घालतात असं नाही. घातली तर सारखी लघवी लागते, लघवी करताना कुशीत कळ जाते, जिना चढउतार केली की लघवी लाल होते. ताप नसेल आणि गुठळ्या पडत नसतील तर घाबरू नका. गोळ्यांनी निभतं. किचनमध्ये दहा तास उभं राहायचं आणि जड भांडी उचलायची असतील तर स्टेंट असेपर्यंत हलकं काम मागून घ्या.

पण तो काढायची तारीख चुकवू नका. माझ्या नणंदेच्या यजमानांचा स्टेंट चौदा महिने आत राहिला. त्रास कमी झाला, परत बोलावणं आलं नाही, तेही गेले नाहीत. दोन्ही टोकांवर खडे धरले आणि एका साध्या पाच मिनिटांच्या कामासाठी दोन ऑपरेशनं झाली. डिस्चार्ज कागदावर स्टेंट आहे की नाही आणि कधी काढायचा, हे लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

बियरबद्दल. तिने लघवी जास्त होते, पण अडलेल्या नळीवर जास्त लघवी लोटली तर कळच वाढते. शिवाय दारू अंगातलं पाणी घटवते. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला ते मुळीच परवडत नाही. खडा झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना तो काही वर्षांत पुन्हा होतो, म्हणून दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं. किचनमध्ये बाटली हाताशी ठेवा. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं. लिंबूपाणी चांगलं, मीठ न घालता.

मिठाचं आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. पेजेसोबत सुका बांगडा, लोणचं, पापड. मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. दूध-दही मात्र बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला (काही भाज्यांतलं, खडा बनवणारं द्रव्य) आतड्यातच धरून ठेवतं. पावसात तेऱ्याची (रानअळूची) भाजी घशाला खाजते ना? ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या कणांची, आणि बहुतेक मुतखडे त्याच द्रव्याचे. त्या सुया उचलून मूत्रपिंडात जात नाहीत, पण ऑक्झलेट पोटातून रक्तात येतं. तुमचा खडा त्या जातीचा निघाला तर तेरें, पालक, तांबडी भाजी बेताने खा. जात कळायला खड्याचे तुकडे लॅबमध्ये पाठवायला सांगावं लागतं. माझे फेकले गेले, कारण मी विचारलंच नव्हतं.

खर्चाचं म्हणाल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विमा) कार्ड घरात असेल तर ॲडमिट होण्याआधीच काउंटरवर विचारा, आणि स्टेंट काढणं त्यात धरलंय का हेही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) दाखवायचं ठरवलंत तर पहाटेच निघा, सगळे जुने रिपोर्ट आणि सीटीची फिल्म घेऊन. सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून बसमध्ये पाणी सोबत असू द्या.