शहराच्या विकास आराखड्यावर (कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा) सामान्य माणसाने घेतलेल्या हरकतीचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण हरकत लेखी आणि मुदतीत हवी. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतक्या चुका निघाल्या आणि एवढी ओरड झाली की एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो दुरुस्त करायला लावला. सुधारित मसुदा थेट २०१६ मध्ये आला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हरकतदाराला नियोजन समितीपुढे सुनावणीही मिळते. तिथे ‘घरं महाग, लोकलला गर्दी’ एवढ्याने भागत नाही (ते त्यांनाही माहीत असतं). जागेचा नगर भूमापन क्रमांक (सिटी सर्व्हे नंबर), तिच्यावर कोणतं आरक्षण (म्हणजे ती शाळा, बाग, रस्ता अशा कशासाठी राखली आहे), नेमका बदल काय हवा हे लिहा आणि पोच घ्या. मात्र समितीने मान्य केलेला बदलही अंतिम मंजुरी देताना शासन फिरवू शकतं.