पट कमी म्हणून शाळा जाणार का?

प्रश्न : धडगाव तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट 14 आहे. ती समूह शाळेत विलीन होणार, असं कानावर येतंय. आम्ही काय करावं?

उत्तर : 20 पर्यंत पटाच्या शाळा एका मोठ्या, म्हणजे समूह शाळेत मिळवायच्या, हा विचार शासनाने 2023 मध्ये मांडला, नमुना म्हणून तुमच्याच जिल्ह्यातली तोरणमाळची समूह शाळा दाखवली. शिक्षक आणि खर्च वाचतो खरा, पण भार लहान पोरांच्या पायांवर पडतो. शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी. तुमचा भर यावरच ठेवा.

आधी पट तपासा. संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवताना, 30 सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार वैध ठरलेलीच मुलं मोजतात. दाखल्यावर ‘वसावे’, आधारवर ‘वसावा’, एवढ्यानंही मूल वर्गात बसून कागदावर गायब होतं. 14 चे 11 होतात ते असे. दुरुस्ती ऑगस्टमध्येच उरका.

मग अंतर पायवाटेनं मोजा. नकाशावरची सरळ रेघ सातपुड्यात फसवी असते. पावसाळ्यात कोणता नाला किती दिवस वाट अडवतो, तेही लिहा. हे सगळं शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात घाला, ग्रामसभेचा ठराव जोडा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्याच. गाडी देऊ, असं कुणी तोंडी म्हणालं तर मार्ग, वेळ आणि सोबतीचा माणूस लेखी मागा.