इंग्लंडमध्ये नेहमीच्या गोळ्या जीपीकडून दर महिन्याला कशा मागवायच्या?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून आणलेल्या थायरॉइडच्या गोळ्या संपत आल्यात, जीपीकडे (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवून झालंय, आता पुढच्या गोळ्या कुठून घ्यायच्या. माझाही हायपोथायरॉइडच (थायरॉइड कमी पडणं) आहे, इथे येऊन नऊ वर्षं झाली, म्हणून सांगते.

मेडिकलवाल्याला रिकामी बाटली दाखवून 'हीच द्या' म्हणायची सोय इथे नाही. आधी जीपीची अपॉइंटमेंट घ्या. जाताना तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि थायरॉइडच्या रक्ततपासणीचा (टीएसएच) शेवटचा रिपोर्ट न्या. बहुधा पुन्हा रक्त तपासतील आणि मग गोळी तुमच्या 'रिपीट' यादीत घालतील. एकदा यादीत आली की दर वेळी डॉक्टरांना भेटावं लागत नाही. शंभर गोळ्यांची बाटली मात्र विसरा. इथे २८ गोळ्यांचं खोकं मिळतं, आणि डोस ७५ मायक्रोग्रॅमचा असेल तर बहुतेक ५० चं एक आणि २५ चं एक अशी दोन खोकी हातात पडतील. पहिल्यांदा मी काउंटरवरून परत फिरून विचारून आले होते, दोन्ही माझीच ना म्हणून.

मागवायला एनएचएसचं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) ॲप सगळ्यात सोपं. जवळची फार्मसी त्यात एकदाच निवडून ठेवायची, मग दर वेळी गोळीपुढे खूण करून पाठवायचं. सर्जरीतून (इथे जीपीच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) मंजुरी मिळाली की चिठ्ठी परस्पर फार्मसीत जाते. ॲप नको असेल तर औषधाच्या पिशवीला यादीचा कागद लावलेला असतो. त्यावर खुणा करून सर्जरीत नेऊन द्यायचा. फोनवर बऱ्याच सर्जऱ्या ऑर्डर घेतच नाहीत. सकाळी आठला फोन लावून पंचवीस मिनिटं तीच ट्यून ऐकल्यावर मला हे कळलं.

सर्जरीला साधारण दोन कामाचे दिवस लागतात, वर फार्मसीचा एखादा. शनिवार-रविवार त्यात धरायचे नाहीत. मी दहा गोळ्या उरल्या की मागवते. पूर्वी असं नव्हतं. एका नाताळात २४ तारखेला खोकं उघडलं तर आत एकच गोळी, आणि पुढचे चार दिवस सर्जरी बंद. शेवटी १११ या एनएचएसच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी उघड्या असलेल्या एका फार्मसीत पाठवलं, तिथल्या बाईंनी माझं जुनं खोकं बघून थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. सोय आहे, पण नाताळात त्या रांगेत उभं राहायची हौस करू नका.

ॲपवरून मागणी नाकारली गेली तर घाबरू नका, बहुतेक वेळा 'रिव्ह्यू'ची, म्हणजे औषधाच्या फेरतपासणीची, तारीख उलटलेली असते. रक्त तपासून घेतलं की गाडी पुन्हा सुरू.

आता पैशांचं, कारण हे कोणी आपणहून सांगत नाही. इंग्लंडमध्ये मे २०२४ पासून एका औषधाला ९.९० पाउंड पडतात. (वेल्स किंवा स्कॉटलंडला गेलात तर प्रश्नच नाही, तिथे सगळ्यांनाच फुकट.) पण हायपोथायरॉइडसाठी रोज गोळी घ्यावी लागत असेल तर ती माफ आहे. सर्जरीत एफपी९२ए नावाचा फॉर्म मागा, भरा, तो जीपीकडून सही होऊन पुढे जातो आणि तुमच्या नावाचं सर्टिफिकेट येतं. ते साधारण पाच वर्षं चालतं. गंमत म्हणजे माफी फक्त या गोळीला नाही, एनएचएसच्या चिठ्ठीवरच्या सगळ्या औषधांना आहे. खोकल्याला अँटिबायोटिक लिहून दिलं तरी फुकट.

सर्टिफिकेट यायच्या आधी पैसे भरायची वेळ आली तर तिथेच काउंटरवर एफपी५७ पावती मागून घ्या. पैसे परत मिळवायला तीच लागते, आणि नंतर मागितली तर देत नाहीत. मी पहिले चार महिने निमूट पैसे भरले, पावती एकही नाही.