इचलकरंजीत घर बघताय? आधी टाकी बघा

जूनमध्ये इचलकरंजीला बदली, सोबत आई आणि दोन शाळकरी मुलं. हवा कशी, सोयी कशा आणि कुठल्या भागात राहावं, असं तुम्ही विचारलंय. माझा जन्म इथलाच. वडील खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. आठ साध्या यंत्रमागांच्या खडखडाटात मी दहावी केली.

हवेची चिंता सोडा. कोल्हापूर जिल्हा म्हटलं की लोकांना गगनबावड्याचा पाऊस आठवतो, पण आपण जिल्ह्याच्या पूर्व अंगाला. इथं पोचेपर्यंत ढग बरेच रिकामे झालेले असतात. तरी पूर येतोच! पाऊस राधानगरीकडे पडतो आणि पंचगंगा इथं फुगते. त्यामुळे नदीवेस किंवा गावभागात सखल जागी स्वस्त घर मिळालं, तर शेजाऱ्याला एवढंच विचारा, "2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

मार्च ते मे मात्र कोरडे. कोरड्या हवेत सुती धागा जास्त तुटतो, म्हणून वडील दुपारी शेडच्या फरशीवर बादलीनं पाणी मारायचे. आई म्हणायची, "घागरी रिकाम्या आणि फरशी ओली!" तिचं चुकत नव्हतं.

कारण इथलं खरं दुखणं पाणी. नदी गावाला लागून, पण कोल्हापूरपासूनचं सांडपाणी घेऊन येणारी. वर काळा ओढा नावाच्या नाल्यातून इथल्या कापड प्रक्रियेचं पाणी तिला मिळतं. 2012 च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली, तेव्हापासून आमच्या घरात उकळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. पिण्यासाठी शिरोळ तालुक्यातल्या मजरेवाडीहून कृष्णेचं पाणी येतं. ती जलवाहिनी गळाली की नळाचा दिवस पुढं जातो. आधी वारणेतून, मग दूधगंगेतून सुळकुडाहून पाणी आणायचं ठरलं; दोन्ही वेळा नदीकाठच्या गावांनी विरोध केला. मला त्यांचाही राग येत नाही, शेतीचं पाणी कोण सोडेल?

तेव्हा घरमालकाला भाडं नंतर विचारा. नळ किती दिवसांनी येतो, जमिनीखालची टाकी केवढी आणि बोअरला पाणी आहे का, हे आधी. दोन मुलं आणि आई असताना टाकीत हयगय नको. पहिल्या घराला मी फरशी आणि खिडक्या बघून हो म्हणालो आणि वर्षभर टँकरवाल्याच्या पाया पडलो.

बाकी सोयी बऱ्या आहेत. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग लावला, संस्थानिक नारायणराव घोरपडे पाठीशी होते, आणि माग वाढले तशा शाळा, वाचनालय, नाट्यगृहही उभी राहिली. आपटे वाचन मंदिराची वर्गणी पहिल्याच आठवड्यात भरा, मुलांना उपयोग होईल. पुढं वस्त्रोद्योगाकडे वळली तर गावातच डीकेटीई हे वस्त्र-अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. इंदिरा गांधी रुग्णालय पूर्वी नगरपालिकेचं होतं, आता सरकारी. मोठ्या आजाराला लोक मिरज किंवा कोल्हापूर गाठतात. आईच्या औषधपाण्याच्या दृष्टीनं दोन्हीकडे तासाभराचा हिशेब धरा. 2022 ला महानगरपालिका झाली, पण रेल्वे अजून गावात नाही. हातकणंगलेला जावं लागतं, लांबच्या गाड्यांना मिरज.

एक राहिलं. घर दुपारी बघू नका, दुपारी मागांचा आवाज रहदारीत मिसळून जातो. रात्रपाळी सुरू झाल्यावर, दहाच्या सुमाराला, आईला घेऊन जा आणि खिडकी उघडून पाच मिनिटं उभे राहा. आम्हाला सवय आहे, लाईट जाऊन माग थांबले की आमची झोपमोड होते. त्यांना जमेल का, ते त्यांनाच ठरवू द्या.