युद्धपट पाहून खरं युद्ध कळतं का?

तुम्ही विचारलंय की युद्धपटांमधला इतिहास किती खरा असतो आणि ते पाहून लढाईची खरी कल्पना येते का. मी मुख्यतः एकाच सिनेमावरून उत्तर देतो, कारण त्यामागच्या लढाईबद्दल मी बरीच वर्षं मिळेल ते वाचत आलोय. सिनेमा १९९७ चा ‘बॉर्डर’ आणि लढाई डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धातली, राजस्थानच्या वाळवंटातल्या लोंगेवाला या सीमेजवळच्या चौकीची.

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो. एक कंपनी आणि समोर रणगाड्यांची रांग, हे बऱ्याच जणांना सिनेमावाल्यांनी फुगवलेलं वाटतं. ते तसंच घडलं होतं. ४ डिसेंबरच्या रात्री त्या चौकीवर २३ पंजाबची एक कंपनी होती, साधारण १२० जवान. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी त्यांचे प्रमुख. पलीकडून चाळीसेक रणगाडे आणि दोन हजारांच्या वर पायदळ आलं. कंपनी हलवायला गाड्या नव्हत्या, मागे जायचं तर वाळूतून पायी. थांबायचं की निघायचं हे वरिष्ठांनी चांदपुरींवरच सोपवलं आणि ते थांबले. जैसलमेरच्या हवाई दलाच्या हंटर लढाऊ विमानांना रात्री हल्ला करण्याची सोय नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत तग धरायचा होता, हेही खरं. म्हणजे कथेचा सांगाडा पक्का आहे.

गडबड आहे ती रात्रीच्या लढाईत. माझे मामा तोफखान्यात होते. १९७१ मध्ये ते पंजाबच्या सीमेवर होते, लोंगेवालाला नव्हते. एका २६ जानेवारीला टीव्हीवर हा सिनेमा लागला होता आणि आम्ही भाचे मंडळी रणगाडा उडाला की टाळ्या पिटत होतो. मामा हातातला चहा तसाच धरून बघत बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, “एवढं ओरडलो असतो ना, तर दहा मिनिटांत आमची जागा कळली असती.” मग त्यांनी रात्रीच्या मोर्च्याबद्दल सांगितलं. खंदकात खोकला आला तर तोंडात कापड कोंबायचं. विडी पेटवायची नाही. समोर काहीतरी हलतंय असं दर पाच मिनिटांनी वाटतं, तरी हुकूम येईपर्यंत घोड्यावरचं बोट आवळायचं नाही. त्या दिवसानंतर मला तो सिनेमा पूर्वीसारखा पाहता आला नाही.

लोंगेवालाचं वाचताना मामांचं बोलणं पटत गेलं. आधी गस्तीवर गेलेल्या सेकंड लेफ्टनंट धरमवीर भान यांच्या तुकडीला अंधारात गाड्यांची घरघर ऐकू आली. लढाईतली पहिली खबर ही अशी कानाने आली. मध्यरात्रीनंतर तोफांचा मारा सुरू झाला आणि त्यात सीमा सुरक्षा दलाच्या १० उंटांपैकी ५ मेले. तरी रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत आपल्या जवानांनी गोळीबार रोखून धरला. जीपवरची १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ आणि खंदकांमधली हत्यारं, एवढ्याच बळावर रात्र काढायची होती. अशा वेळी खरी परीक्षा संयमाची असते. पण संयम पडद्यावर दाखवणं फार कठीण. तीन तासांच्या सिनेमात वीस मिनिटं शांतता कोण सोसणार? म्हणून तिथे संवाद येतात, ललकाऱ्या येतात.

दुसरी गोष्ट शत्रूच्या चुकांची. पाकिस्तानी पायदळाला चौकीभोवती काटेरी तार दिसली. पुढे सुरुंग पेरलेत असं समजून ते थांबले, सुरुंग शोधणाऱ्यांना बोलावलं, दोनेक तास गेले आणि हाती काहीच लागलं नाही. रणगाडे रस्ता सोडून बाजूला गेले ते मऊ वाळूत रुतले. त्यांच्या हवाई दलाने या चढाईला विमानांचं संरक्षण दिलंच नव्हतं. मग सकाळी हंटर आली तेव्हा उघड्या वाळवंटात लपायला आडोसा नव्हता. हलक्या टेहळणी विमानातून मेजर आत्मासिंग हंटरच्या वैमानिकांना लक्ष्य दाखवत होते. त्यांचं नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? वरून काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे, तो जरूर शोधून बघा. वाळूवर रणगाड्यांच्या पट्ट्यांची वेटोळी उमटलीयत, एकात एक गुंतलेली. विमानं चुकवायला ते कसे गरगर फिरले असतील, हे त्या एका फोटोत मला जेवढं दिसलं तेवढं अख्ख्या सिनेमात दिसलं नाही.

स्फोटांचंही थोडं सांगतो. पडद्यावर गोळा पडला की नारिंगी आगीचा लोळ उठतो, तो पेट्रोलचा असतो. खरा तोफगोळा फुटला की धूळ, धूर आणि उडणारे लोखंडाचे तुकडे. वाळूत तर गोळा आत घुसून फुटतो आणि त्याची धारच कमी होते. वर्दीवरचं पदक चुकीचं, टोपी चुकीची, असल्या चुका लोक हौसेने काढतात. त्या मी सोडून देतो.

जे सोडवत नाही ते वेगळं आहे. त्या सिनेमात सुनील शेट्टीचा भैरवसिंग रणगाडा उडवताना प्राण देतो. अक्षय खन्नाचा धरमवीर मरतो. एकेक करून जवळजवळ सगळी ओळखीची माणसं मरतात आणि आपण रडतो. प्रत्यक्षात लोंगेवालाच्या चौकीवर आपले २ जवान शहीद झाले. धरमवीर भान लढाईतून जिवंत परतले. सिनेमातला भैरवसिंग ज्यांच्यावर बेतलाय त्या सीमा सुरक्षा दलाच्या भैरोसिंग राठोड यांना सेना पदक मिळालं, १९८७ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ डिसेंबर २०२२ ला जोधपूरमध्ये वारले. सिनेमाने त्यांना मारल्यावर हा माणूस २५ वर्षं जगला. गावातल्या पोरांनी त्यांना पडद्यावर मरताना पाहिलं असेल, या विचाराने मला अजून कसंतरी होतं.

हे फक्त हिंदी सिनेमातच होतं असं नाही. १९९८ चा दुसऱ्या महायुद्धावरचा अमेरिकन सिनेमा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ फ्रान्समधल्या ओमाहा किनाऱ्यावरच्या सुरुवातीच्या प्रसंगासाठी वाखाणला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्यामागची खरी गोष्ट नायलँड आडनावाच्या चार अमेरिकन भावांची. सिनेमात तीन भाऊ मेलेत म्हणून चौथ्याला शोधायला तुकडी निघते. प्रत्यक्षात अशी तुकडी निघालीच नाही, एका लष्करी पाद्रीने त्या चौथ्या भावाला परत पाठवण्याची सोय केली. आणि मेला असं समजलेला थोरला भाऊ ब्रह्मदेशात जपान्यांच्या कैदेत जिवंत होता, तो १९४५ मध्ये सुटला. म्हणजे तिथेही सिनेमाने एका जिवंत माणसाला मारलं.

दिग्दर्शकाला वाटतं, माणूस मेला नाही तर शौर्य प्रेक्षकाला पटणार नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. रात्रभर चाळीस रणगाडे अडवायचे आणि सकाळी आपली जवळजवळ सगळी माणसं जिवंत ठेवायची, ही चांदपुरींची कामगिरी आहे. महावीर चक्र मिळालेल्या त्या अधिकाऱ्याची हीच गोष्ट सिनेमाने खोडून टाकली.

म्हणून सिनेमा जरूर पाहा. पाहून झाला की त्या लढाईत किती माणसं गेली आणि कोण परत आलं, तेवढं आधी शोधा. जमलं तर लोंगेवालाला जाऊन या. पकडलेले पाकिस्तानी रणगाडे तिथे ठेवलेत. मी भर दुपारी एका रणगाड्यावर हात ठेवला तर चटका बसला. टेकाडावरून पाहिलं की चहूबाजूंनी नुसती उघडी वाळू दिसते. त्या वाळूकडे बघत अंधारात, काही न बोलता, बसून राहिलेल्या १२० जणांची कल्पना तिथे उभं राहिल्यावरच मला करता आली.